नक्षी कुणाची, नाव कुणाचे?

शहरात आज जिकडे पाहावे तिकडे लोखंडाची नक्षी दिसते. सोसायटीचे फाटक, बाल्कनीचे कठडे, खिडकीची ग्रिल, बागेतली बाकडी, बंगल्यातला झोपाळा, हॉटेलातल्या खुर्च्या, उड्डाणपुलाचे रेलिंग, सगळीकडे लोखंड वळवून त्याच्या वेली, पाने, फुले केलेली. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या रंगीत पुरवण्यांत या नक्षीवर लेख येतात, वास्तुरचनाकारांच्या मुलाखती येतात. मात्र ती ज्याने घडवली त्या माणसाचे नाव कुठेही येत नाही. आंबेडकरी चळवळीने या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटते. तो सौंदर्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. काम कुणाचे, कौशल्य कुणाचे, पैसा कुणाचा आणि मान कुणाचा, हा जुनाच हिशेब इथे नव्या पाटीवर मांडला आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात पावणे आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्यानंतर ठाणे खाडीपलीकडच्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हा पट्टा उभा राहिला. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईचे नकाशे निघाले. जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांना न्यायासाठी किती झगडावे लागले, याची साक्ष १९८४ चे जासईचे हुतात्मे देतात. पुढे १९७२ च्या दुष्काळाने आणि गावच्या जाचाने बाहेर पडलेली मराठवाडा-विदर्भातली आपली माणसे याच पट्ट्याच्या कडेला, डोंगरउतारावर, खाणींच्या तोंडाशी झोपड्या घालून राहिली. रासायनिक कारखान्यांबद्दल सगळे बोलतात. पण या पट्ट्यात, गाळ्यागाळ्यांतून आणि पत्र्याच्या शेडमधून, दुसरेही एक काम चालते. ते म्हणजे फॅब्रिकेशनचे. अँगल, पट्टी, चौकोनी गज आणि पाइप कापायचे, वळवायचे, जोडायचे आणि टेम्पोत घालून शहरभर पाठवायचे. नवी मुंबईच्या इमारतींना जी फाटके लागली, त्यांच्यामागे अशा शेडमधले हात आहेत.

प्रथम वस्तू समजून घेऊ. बाजारात ज्याला 'रॉट आयर्न' म्हणून विकतात ते खरे रॉट आयर्न नसतेच. रॉट आयर्न म्हणजे घडीव लोखंड. त्यात कार्बन अगदी कमी आणि मळीचे बारीक धागे असतात. ते भट्टीत तापवून ऐरणीवर हवे तसे वळवता येते. ओतीव लोखंड, ज्याला आपल्याकडे बीड म्हणतात, ते वेगळे. त्यात कार्बन २ ते ४ टक्के असतो. ते साच्यात ओतून वाटेल ती नक्षी काढता येते, पण घण मारला तर फुटते. तिसरे आजचे सौम्य पोलाद, म्हणजे माइल्ड स्टील. यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त पोलाद निघाले आणि घडीव लोखंड हळूहळू मागे पडले. आज शेडमध्ये जे येते ते हेच सौम्य पोलाद. त्याचे गज थंड अवस्थेतच फर्म्यावर वळवतात किंवा यंत्रात पिळतात. भाले, फुले, पाने तयार विकत आणून डागतात. मग ग्राइंडर मारायचा, पुट्टी भरायची, रेड ऑक्साइड लावायचा, वर काळा किंवा सोनेरी रंग. गिऱ्हाईक म्हणते, वा, काय रॉट आयर्न आहे! नाव विलायती, माल पोलादाचा आणि घाम झोपडपट्टीतला, असा हा व्यवहार आहे.

ही नक्षी मुंबईत आली कशी? काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल हे तिचे एक ठळक उदाहरण. १८६० च्या दशकात त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजात घालून इथे आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला चित्रपट खेळ याच हॉटेलात झाला. हे हॉटेल गोऱ्यांसाठी राखीव होते. देशी माणसाने हमाली करून ते खांब वाहायचे, उभे करायचे. आत मात्र जायचे नाही. अस्पृश्यांना हा अनुभव नवा नव्हता. देऊळ बांधताना दगड वाहायला चालणारा माणूस कळस चढल्यावर बाटवणारा ठरतो, हे तो शतकानुशतके पाहत आला होता. नवे एवढेच की या वेळी सवर्णालाही उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची चव कळली. ती चव चाखूनही त्याने आपल्या घरचा उंबरा मोकळा केला नाही, हा इतिहास आहे.

दुसरे उदाहरण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेत १८६६ मध्ये तीन कार्यशाळा निघाल्या. एक सजावटीच्या चित्रकामाची, दुसरी मूर्तिकामाची आणि तिसरी नक्षीदार घडीव लोखंडकामाची. चित्रकामाला ग्रिफिथ्स, मूर्तिकामाला किपलिंग आणि लोखंडकामाला हिगिन्स. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभे राहिले. तिथल्या जिन्यांचे, सज्जांचे कठडे आणि जाळ्या यांच्या सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ साली युनेस्कोने ही इमारत जागतिक वारसा ठरवली. वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे, ते असायलाही हवे. पण रोज लाखो माणसे ज्या कठड्यांना हात लावून जातात, ते तापवून, ठोकून, बसवणाऱ्या लोहारांचे आणि कामगारांचे एकही नाव सामान्य वाचकाला ठाऊक नाही.

या घटनेत आणखी एक गोष्ट दडली आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. लोखंडकाम शाळेत शिकवण्याचा विषय झाला! जे काम लोहाराच्या पोटी जन्म घेतल्याशिवाय शिकता येत नाही असे धर्माने आणि रूढीने सांगितले होते, ते वर्ग भरवून, नकाशा काढून, मोजमाप करून शिकवता येते हे सिद्ध झाले. कौशल्य रक्तात नसते. शिकवणाऱ्यात, साधनात आणि सरावात असते. मनुस्मृतीच्या अर्थशास्त्राला याहून मोठा धक्का कोणता?

महात्मा जोतीराव फुले यांना हे नीट उमगले होते. त्यांच्या चरित्रातला एक भाग आपण भाषणांत सांगत नाही. १८६३ च्या सुमारास जोतीराव धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय करत होते. पुढे ते बांधकामाचे ठेकेदार झाले. माळ्याच्या घरात जन्मलेला माणूस ओतकामाच्या धंद्यात उतरतो, ठेके घेतो, मजुरांची पिळवणूक आणि अधिकाऱ्यांची लाचखोरी जवळून पाहतो आणि त्यावर लिहितो, ही साधी गोष्ट नव्हे. हेच जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेत असताना भव्य मंडईवर पैसा ओतण्याला विरोध करत होते. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे त्यांचे म्हणणे होते. मंडई झालीच. १८८६ साली गव्हर्नर रे यांच्या नावाने ती उभी राहिली आणि आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव आपण इमारतीला दिले. त्यांचा प्रश्न मात्र तिथेच उभा आहे. शहराच्या शोभेवर पैसा खर्च होतो तेव्हा ती शोभा घडवणाऱ्याच्या मुलाच्या शाळेवर किती खर्च होतो?

आता फाटकाकडे वळू. फाटकाची नक्षी पाहताना आपण फाटकाचे मूळ काम विसरतो. ते काम म्हणजे कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे हे ठरवणे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. पेशवाईत त्याच शहरात अस्पृश्याला बाहेर ठेवायला खिळेही लागत नव्हते. त्यासाठी धर्म पुरेसा होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. हजारो माणसे दाराबाहेर उभी राहिली. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, दार काही मनाने उघडले गेले नाही. अखेर १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. बंद दारापुढे किती काळ उभे राहायचे आणि पाठ फिरवून आपला रस्ता केव्हा धरायचा, हे त्यांनी आपल्याला शिकवले.

आजच्या गृहसंकुलांच्या फाटकांवर भाल्याची टोके असतात. ती नक्षी म्हणून लावली जातात. पण भाला हा भालाच असतो. त्याच फाटकाच्या आत घरकाम करणाऱ्या बायांसाठी वेगळी लिफ्ट असते, डिलिव्हरीच्या पोरांसाठी वेगळा दरवाजा असतो. २०१८ साली मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेने आपल्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर टोकदार लोखंडी खिळे बसवले होते, कुणी बसू-झोपू नये म्हणून. बोभाटा झाला तेव्हा ते काढावे लागले. पण बागेतल्या बाकड्यांच्या मध्ये सुबक वळणाची लोखंडी कमान बसवली की बेघर माणूस आडवा होऊ शकत नाही, आणि तिला कुणी आक्षेपही घेत नाही, कारण ती दिसायला छान असते! नक्षीच्या आड लपलेली ही वगळण्याची वृत्ती आपण ओळखायला शिकले पाहिजे.

आणि विपर्यास असा की हे फाटक घडवणारा आणि त्या फाटकाबाहेर अडवला जाणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वस्तीतला असतो.

लोखंड आणि जात यांचे नाते जुने आहे. बारा बलुतेदारांत लोहार होता. गावाचा नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव, सारे त्याच्या भट्टीतून यायचे आणि मोबदला म्हणून सुगीत बलुते मिळायचे. त्याच्याही खाली घिसाडी. गाडीवर संसार लादून गावोगाव फिरणारा, रस्त्याच्या कडेला भाता मांडणारा. नवरा सांडशीत लाल लोखंड धरतो आणि बायको घण मारते, हे दृश्य महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिले. तो आज भटक्या जमातींच्या यादीत आहे. घर नाही, जातीचा दाखला काढायला कागद नाही, मुलांची शाळा दर मुक्कामाला तुटते. उत्तरेतल्या गाडी लोहारांना १९५५ साली पंतप्रधान नेहरू वाजतगाजत चितोडगडावर घेऊन गेले. तुमची भटकंतीची शपथ सुटली असे जाहीर झाले. शपथ सुटली, भटकंती सुटली नाही. कारण ती शपथेमुळे नव्हतीच, ती भूमिहीनतेमुळे होती.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले. जातीमुळे कामांची सोय होते हा युक्तिवाद त्यांनी खोडून काढला. जात माणसाची आवड, कुवत, शिक्षण काहीही न पाहता जन्मावरून त्याला काम चिकटवते आणि काम करणाऱ्यांची एकमेकांवर रचलेली उतरंड तयार करते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा कामात माणसाचे मन रमत नाही आणि धंदा बुडाला तरी त्याला दुसरा धरता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत तरी काय होते? विणकाम खात्यात पैसा जास्त होता, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून बाटाबाटीच्या नावाखाली अस्पृश्याला त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कौशल्याच्या दाराला कुलूप लावायचे आणि मग आरक्षणाच्या वेळी कौशल्य कुठे आहे असे विचारायचे, ही चाल आजची नाही.

या पार्श्वभूमीवर पावणे पट्ट्यातल्या वेल्डिंगच्या शेडकडे पाहा. विजेच्या वेल्डिंग मशीनने एक मोठे काम केले. तिने भट्टी, भाता आणि ऐरण यांची मक्तेदारी मोडली. होल्डर हातात धरायला कुणाची जात आड येत नाही. आज या धंद्यात बौद्ध, मातंग, मुसलमान, आगरी, उत्तर प्रदेश-बिहारचे विश्वकर्मा, सगळेच दिसतात. एका अर्थी शेड जातीबाहेर गेली. पण उतरंड गेली का? हेल्पर, त्यावर कटिंगवाला, त्यावर वेल्डर, त्यावर मिस्त्री, त्यावर शेठ, त्यावर ठेकेदार आणि सगळ्यांवर वातानुकूलित कचेरीत बसून संगणकावर वेल काढणारा डिझायनर, अशी नवी माळ तयार झाली. आमचा तरुण यात बहुतेक खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर आहे. दहा दहा वर्षे काम करून हात तयार होतो, पण कोटेशन काढायला, मोजमापावरून वजन काढायला, जीएसटीचे बिल करायला कुणी शिकवत नाही. कौशल्य त्याच्याकडे आणि धंदा दुसऱ्याकडे.

आणि कामाची अवस्था काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराचा समावेश, माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध झालेल्या घटकांच्या पहिल्या गटात केला. त्याच गटात वेल्डिंगच्या ज्योतीतून निघणारे अतिनील किरणही आहेत. गॅल्व्हनाइज पाइप डागताना जस्ताचा धूर निघतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. सकाळी उतरतो म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. काच न लावता टाका मारला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. मग बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पोरगा तळमळत पडतो आणि सकाळी पुन्हा कामावर. ग्राइंडरचे चाक फुटले तर तोंडावर येते, म्हणून त्याला गार्ड असतो. काम लवकर उरकावे म्हणून तो काढून ठेवलेला असतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर, अर्थिंगविना काम चालते. हे अपघात नव्हेत, ही बेपर्वाई आहे.

कायदा काय म्हणतो? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी आग्रह धरला. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. १९४८ च्या कायद्याने, विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना, असे ठरवले. पुढे महाराष्ट्राने ही मर्यादा २० वर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या श्रमसंहितेतही ती २० च आहे. पाच-सात माणसांची फॅब्रिकेशनची शेड तर आधीही बाहेर होती, आता पंधरा-अठरा माणसांची शेडही कारखाना राहिलेली नाही. राज्य विम्याचा लाभ साधारणपणे १० कामगारांच्या आस्थापनेला. म्हणून शेठ काय करतो? नऊच माणसे दाखवतो. अशा रीतीने ज्या कामगाराच्या हाताला सर्वांत जास्त धोका, त्याच्या डोक्यावर कायद्याचे छप्पर सर्वांत पातळ.

सरकार म्हणेल, आम्ही कारागिरांसाठी योजना आणली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय, १५ हजार रुपयांची अवजारांची मदत, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचे कर्ज. पैसा कुणाला नको? ज्याला मिळतो त्याने जरूर घ्यावा, हक्काने घ्यावा. पण योजनेचा आशय तपासला पाहिजे. यादीत लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी आहे, धोबी आहे, चर्मकार आहे. ही यादी ओळखीची वाटते ना? बलुत्याचीच यादी ती! कुटुंबात पिढीजात चालत आलेल्या व्यवसायाला आणि गुरु-शिष्य परंपरेला बळ द्यायचे, ही तिची भाषा आहे. तमिळनाडू सरकारने २०२४ साली जातीवर आधारलेल्या व्यवसायांना बळकटी मिळते असा आक्षेप घेऊन ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला आणि कुणालाही कोणताही व्यवसाय निवडता येईल अशी स्वतःची योजना आणली. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या भूमीत, हा प्रश्न कुणी किती जोराने विचारला? बौद्ध तरुण वेल्डर आहे, त्याचा बाप शेतमजूर होता. त्याने जन्माने न मिळालेले कौशल्य कष्टाने मिळवले. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेला माणूस हाच. पण बापाचा धंदा विचारणाऱ्या योजनेत त्याला जागा शोधावी लागते.

इथे आपल्यातलेच काही सुशिक्षित बांधव विचारतील, आमच्या मुलांनी काय वेल्डरच व्हायचे? बाबासाहेबांनी शिका म्हटले ते कलेक्टर व्हा, प्राध्यापक व्हा म्हणून. प्रश्न खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. उच्च शिक्षणाचा आग्रह एक इंचही सोडता कामा नये. पण बाबासाहेबांनीच १९४२ साली व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी केली होती, याचा विसर का पडावा? त्यांच्यापुढे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. आणि दुसरे असे की, सरकारी नोकऱ्या आटत चालल्या, ठेका पद्धतीने आरक्षण पोखरले. आपला तरुण शेडमध्ये आधीच पोहोचला आहे. आपण बोलायचे टाळले म्हणून तो तिथून बाहेर येणार नाही. तो हेल्पर म्हणून म्हातारा होणार की कारागीर, मालक, रचनाकार होणार, एवढाच प्रश्न आपल्या हातात आहे. जन्माने लादलेले काम आणि निवडून शिकलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले नाकारायचे आणि दुसऱ्याला प्रतिष्ठा द्यायची, ही आंबेडकरी भूमिका आहे.

मग करायचे काय? सरकारकडे मागण्यापूर्वी आपल्या दारापासून सुरुवात करू.

महाराष्ट्रात वस्तीवस्तीत बुद्धविहार आहेत. प्रत्येक विहाराला लोखंडी फाटक आहे आणि बहुतेक फाटकांवर अशोकचक्र, कमळ किंवा पिंपळपान आहे. राष्ट्रध्वज ठरवणाऱ्या १९४७ च्या समितीत बाबासाहेब होते आणि त्या ध्वजावर अशोकाचे चक्र आले. ते चक्र आपण फाटकावर अभिमानाने लावतो. ते घडवायला काय लागते, पाहा. जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे, त्याचे २४ सारखे भाग पाडायचे, म्हणजे दर १५ अंशांवर एक आरा. पट्टी फर्म्यावर वळवून कडे करायचे. आऱ्यांना आधी नुसते टाके द्यायचे आणि मग समोरासमोरच्या जोडांना आळीपाळीने वेल्डिंग करायचे. एकाच बाजूने सलग केले तर उष्णतेने कडे वाकडे होते आणि चक्र चक्र राहत नाही. ही भूमिती आहे, हे धातुशास्त्र आहे. आठवी-दहावी झालेला आमचा पोरगा हे डोळे मिटून करतो. पण विहार समितीची वर्गणी जमते तेव्हा काम कुणाला जाते? बाजारपेठेतल्या शेठला. तो ते पावणे, रबाळे, तुर्भे इथल्या शेडमध्ये देतो आणि आपलाच पोरगा, आपल्याच विहाराचे चक्र, रोजंदारीवर, गॉगलशिवाय डागतो! उद्घाटनाच्या कोनशिलेवर नगरसेवकाचे नाव, आमदाराचे नाव, देणगीदारांची नावे. घडवणाऱ्याचे नाव नाही.

हे बदलणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. विहार समित्यांनी, जयंती मंडळांनी, गृहनिर्माण संस्थांतल्या आपल्या पदाधिकाऱ्यांनी तीन नियम करावेत. एक, काम शक्यतो थेट कारागिराला किंवा कारागिरांच्या गटाला द्यावे. दोन, कोटेशनमध्येच गॉगल, मास्क, हातमोजे, अर्थिंग यांचा खर्च धरावा आणि तो दिल्याची खात्री करावी. तीन, फाटकावर छोटी पट्टी लावून त्यावर घडवणाऱ्याचे नाव आणि वर्ष कोरावे. तिसरा नियम काहींना किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावे महसुलाच्या कागदावरही तुच्छतेने लिहिली गेली, त्यांच्यासाठी सार्वजनिक जागी आपल्या कामावर आपले नाव असणे म्हणजे माणूस म्हणून झालेली नोंद आहे.

त्यापुढे धंद्याची बाजू. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलाला त्यात प्रवेश मिळू शकतो. शेडमध्ये शिकलेल्या मुलाकडे कौशल्य असते, प्रमाणपत्र नसते. ते नसले की मोठ्या कारखान्यात, जहाजबांधणीत, परदेशात दार बंद. वस्त्यांतल्या अभ्यासिकांनी स्पर्धा परीक्षांच्या फलकाशेजारी हा फलकही लावावा. पाच-सात वेल्डरांनी मिळून सहकारी संस्था काढली तर मशीन, कटर, टेम्पो सामाईक होतात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे; त्याच्या कर्जाची फाइल का अडते, याचा जाब कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यायचा आहे. हे उद्दिष्ट कागदावरच राहते, कारण निविदा भरणारेच पुरेसे नसतात आणि जे असतात त्यांना अनामत रक्कम, अनुभवाची अट असे अडथळे येतात. नवी मुंबई महानगरपालिका उद्यानांची, दुभाजकांची, पुलांच्या रेलिंगची कामे काढते. या कामांच्या निविदेत कामगार सुरक्षेची अट आहे का, कामगारांना किमान वेतन मिळते का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. ऐरोलीत महानगरपालिकेने बाबासाहेबांचे देखणे स्मारक उभारले, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. त्या स्मारकाच्या नावाला साजेसे वर्तन त्याच महानगरपालिकेच्या ठेकेदारांनी आपल्या कामगारांशी करावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचा ३५० फुटी पुतळा ठरला. बाहेरून दिसणारे कांस्य हे त्याचे आवरण. त्याला उभे धरणारा आतला सांगाडा पोलादाचा. तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पुतळा उभा राहत नाही. या शहराचेही तसेच आहे. पावण्याच्या शेडमध्ये वाकून टाके मारणारा कामगार शहराला दिसत नाही. निदान चळवळीला तरी तो दिसला पाहिजे. येत्या वर्षावासात, येत्या जयंतीला, तुमच्या विहाराच्या फाटकाचे काम निघेल तेव्हा एवढेच विचारा: हे कुणी घडवले, त्याला किती मिळाले, आणि त्याचे डोळे शाबूत आहेत ना?